खुंटी

रात्रीचे पावणेतीन. परळ. रक्तपेढीच्या फ्रीजची घरघर.
चौदा नंबरच्या कॉटवर शेवंती धनावडे,
बाळंतपणात खूप गेलंय.
बाहेरच्या लॅबची चिठ्ठी म्हणते, ओ पॉझिटिव्ह.
ओ ची पहिली पिशवी जुळवून पाहते. गुठळ्या.
दुसरी. गुठळ्या.
सहावीलाही पांढऱ्या टाइलवर तोच
लाल रवा.

मग ती बाटली काढते, क्वचित लागणारी, अँटी-एच.
थेंब टाकते, टाइल हलवते.
काहीच होत नाही.
काहीच न होणं, हेच उत्तर.

माझे वडील गिरगावात खिळे जुळवायचे.
उलटी अक्षरं वाचायची इतकी सवय
की समोरच्याच्या हातातला पेपर
त्याच्याआधी वाचून संपवत.
त्यांना एकदा पेशी समजावली होती :
मूळ पोथी आतल्या खोलीत, ती बाहेर काढायची नाही.
लागेल त्या पानाची नक्कल बाहेर येते,
तीन-तीन अक्षरांनी वाचली जाते,
दर तिनाला एक मणी,
आणि ती माळ दुमडत जाते,
घडी नीट बसली की तिला हात फुटतात.
"प्रूफ कोण तपासतं?"
तपासतात, म्हटलं. एखादं सुटतं.
"सुटतंच," ते म्हणाले. "आम्ही एकदा
नवरदेवाच्या 'चि.' ऐवजी 'कै.' छापलं होतं.
पाचशे प्रती."

शेवंतीतली चूक बहुधा त्याहून लहान.
सातशे पंचविसावं अक्षर, टी च्या जागी जी.
आईकडच्या प्रतीत तेच, वडिलांकडच्या प्रतीत तेच.
तीनशे पासष्ट मण्यांतला दोनशे बेचाळिसावा
ल्युसिन असायचा, झाला आर्जिनिन :
पाण्यापासून अंग चोरणाऱ्याच्या जागी
विजेचा भार घेऊन बसलेला.
हात फुटत नाहीत मग.
त्या हातांचं काम तरी केवढं?
पेशीच्या भिंतीवर साखरेची एक खुंटी ठोकायची.

त्या खुंटीवर ए वाल्यांचा ए टांगलेला,
बी वाल्यांचा बी,
ओ वाल्यांची नुसतीच खुंटी.
हिच्याकडे भिंतच सपाट.
आणि ज्याने घरात कधी खुंटी पाहिली नाही
ते शरीर ओ च्या रिकाम्या खुंटीलाही चोर समजतं.
रक्तपेशी तर पिकली की पोथीच फेकून देते,
चार महिने फिरते,
मागे वळून दुरुस्ती करायला मागे काही नाही.

याला बॉम्बे ग्रुप म्हणतात.
शहराचं नाव पाट्यांवर बदललं,
आमच्या रजिस्टरात नाही.

यादीतले दामोदर घाडीगावकर, भांडुप,
लिफ्ट दुरुस्त करतात. चौथ्या रिंगला उचलतात.
"कुठली बिल्डिंग?"
लिफ्ट नाही, म्हणते, रक्त.
क्षणभर पंख्याचा आवाज.
"पँट चढवतो."

बाहेर बाकावर शेवंतीची आई,
मांडीवर बाळंतविड्याची पिशवी, तशीच बांधलेली.
घरच्यांचे ग्रुप विचारते. माझा बी, ती म्हणते.
"हिच्या बाबांचा एबी. गोदीच्या ओळखपत्रावर होता."
मग खालच्या आवाजात :
"सासूबाईंनी ते कार्ड डॉक्टरला नेऊन दाखवलं होतं.
एबी बापाला ओ पोरगी होत नाही म्हणाला तो."

मी तिच्या शेजारी बसते.
होते, म्हणते. अशी होते.
वडिलांकडचा ए नाहीतर बी, एक तरी आलेला असतो,
त्याचा कारागीरही आत हजर असतो,
सदरा हातावर घेऊन उभा,
टांगायला खुंटी नाही, म्हणून दिसत नाही.

ती सगळं ऐकते. जनुक म्हणजे काय विचारत नाही.
माझ्या एप्रनच्या खिशातल्या पेनाकडे बघते.
"लिहून द्याल? शिक्क्यासकट?"

देते की, म्हणते. कोणाच्या नावे?

"सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली," ती म्हणते.
"तरी द्या."