बोरीपलीकडची मतं

अमळनेरची चावडी, लोकल बोर्डाची निवडणूक.
मतदार एकशे अकरा,
तेलकट डागांचं टेबल, मामलेदारांची दौत,
आणि लिहिणारा मी.

बोरीला कार्तिकातही
चाकाच्या आसाला लागेल इतकं पाणी.
पलीकडच्या गावांसाठी
तोताराम पाटलांनी सात दमण्या सोडल्या,
बैलांच्या शिंगांना हिंगूळ, आत नवी पासोडी.
माणसं ऐटीत उतरली, धोतराचे सोगे झटकले,
टेबलाशी वाकून
हळूच म्हणाली, "हिरामणशेठ."

मी लिहीत गेलो.

पाटील ओट्यावर सुपारी कातरत होते.
खिडकी उघडी होती.
मधूनच अडकित्ता थांबायचा.

कंदिलाखाली मोजलं : साठ, एक्कावन्न.
हिरामणशेठच्या गळ्यात हार पडला,
पेढे वाटून झाले,
मग त्यांनी नदीकडे बघितलं.
त्यांचं घर पलीकडे.

"जुंप रे," पाटील गाडीवानाला म्हणाले,
"शेटले घर सोडी ये. बैल हयू हाक,
पूल आजून त्यासनी बांधेल नही."

कोणी हसलं नाही. शेठ तेवढे हसले, थोडंसं,
आणि चढले.

तक्त्यात रकाने आठ.
शेवटच्यात मी लिहिलं, शेरा : निरंक,
वर टीपकागद दाबला.
दमणीची घुंगरं पाण्यात उतरेपर्यंत
तो तसाच दाबून धरला होता.