पावती

मंगळवार बाजारात दहा-दहाच्या पावत्या फाडत होतो.
मेथी, वाळकी मिरची, शेंगाचटणीचे डबे,
चादरींचे कटपीस घेऊन बसलेली पद्माक्का,
सगळ्यांना शिक्का, तारीख, नंबर.

गल्लीच्या तोंडाशी नीलव्वा उभी.
"माझी बी फाडा की ओ."
हसलो. ती हसली नाही.

"हवालदार दोनशे नेतो, घरवाली निम्मे,
खोलीला भाडं दुप्पट.
कागद कुणीच देत नाही.
परवा एकानं पैसे बुडवले, वरनं हात उगारला.
चौकीत म्हणाले, कसले पैसे?
काय सांगू?
ताडीच्या दुकानाला परवाना हाय,
विड्या वळणारीला फंड हाय.
मी काय हवा विकते?"

पावतीवर रकाना असतो : मालाचा प्रकार.
पेन तिथंच अडलं.
तुला माल कसं लिहू, म्हणालो.
"मग काम लिवा."
तसला रकाना नव्हता.

संध्याकाळी हिशेबात दहा रुपये जास्त निघाले.
बुकाखाली बारीक घडी घातलेली नोट,
पावडरीचा वास येणारी.
साहेबांनी विचारलं, कसले पैसे?
माझेच, म्हणालो,
आणि खिशात घातले.