इलाहीची हजेरी

बहात्तर साली आमची शाळा भवानी पेठेत,
लाकूडबाजाराच्या मागे. वर पत्रा.
अकराला पलीकडची करवत थांबायची
आणि पत्र्याखाली ऐकू यायचं
एकेकाचं पोट.

घरी मिलो. लाल भाकरी,
हातात रबर, तोंडात भुसा.
आई म्हणायची, बोलू नका, गिळा.

शाळेत सुकडी.
आधी हजेरी, मग जितके हजर तितके पेले.
कान तुटलेला जर्मनचा पेला,
कुरणेबाई वरून बोट फिरवून सपाट करायच्या.
ताटल्या नव्हत्या, पाटी पुढे धरायची,
आणि संपली की चाटायची.
तेराचा पाढा मला आजही सातापुढे येत नाही.
तो भाग मी खाल्लाय.

इलाही तांबोळी माझ्या शेजारी बसायचा.
दिवाळीनंतर बापाबरोबर गेला
सासवडच्या रस्त्यावर खडी फोडायला.
पाटी माझ्याकडे दिली.
म्हणाला, ठेव, येतोच.

दुसऱ्या दिवशी त्याचं नाव आलं
आणि माझ्याच तोंडून निघालं, हजर.
बाईंनी मान वर केली नाही.
पेला मात्र दोनदा भरला.

मग वर्गात पाळ्या लागल्या.
इलाहीची पाटी रोज नव्या मांडीवर.
ज्याची पाळी, तो घोगरा आवाज काढायचा,
अगदी त्याच्यासारखा.
वाघमोडेला तो इतका जमला
की एकदा मी वळून बघितलं.
मारामाऱ्याही झाल्या. शिर्केचा दात पडला,
दुधाचाच होता.

फेब्रुवारीत तपासणीला साहेब आले.
डोकी मोजली, एकतीस.
वहीत बत्तीस.
बाई म्हणाल्या, लघवीला गेलाय.
साहेब दाराकडे बघत राहिले बराच वेळ,
जणू खरंच कुणी
चड्डीची नाडी बांधत येणार होतं.
मग सही केली, सायकल काढली, गेले.

निकालाच्या दिवशी
एकही खाडा नाही म्हणून बक्षीस,
एक लाल-निळी पेन्सिल,
तांबोळी इलाही लतीफ.
आम्ही फिदीफिदी हसलो.
बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला,
पुसतच राहिल्या.

पाटी आणि पेन्सिल, दोन्ही माझ्याकडेच राहिली.
पेन्सिलीचं लाल टोक मी कधीच संपवलं.
निळं आहे.

अजूनही बँकेत, दवाखान्यात
कुणाचं नाव पुकारतात
आणि कुणीच उठत नाही,
तेव्हा माझी जीभ वळते.
पोट भरलेलं असलं तरी.