बीट सतरा

मेळघाटातल्या माकडखोऱ्यात आवाज बुडायचा.
नाक्यावरून वायरलेस लावला की
पलीकडून नुसती खरखर,
तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी.

फुलकाय कासदेकर, वनरक्षक, बीट सतरा.
तिला ठाऊक होत्या बोलायच्या तीनच जागा:
पाणवठ्यावरचा खडक,
वीज पडलेला साग,
आणि गवळ्याच्या गोठ्यामागं, तेही पहाटेच.

गेल्या मार्चात वणवा लागला
तेव्हा ती खडकापर्यंत चाळीस मिनिटं धावली.
माझ्या वहीत नोंद आहे: दुपारी तीन दहा.
आग लागल्याची वेळ वहीत नाही.

यंदा टेकडीवर टॉवर आला.
लोखंड पोरांनी खांद्यावर नेलं,
नट-बोल्ट गोणीत, सिमेंट डोक्यावर.
भुमका म्हणाला, अगोदर नारळ द्या.
साहेब हसले. मग दिला.
वरचा लाल दिवा बघून
पहिल्या रात्री गावची कुत्री भुंकत राहिली.

आज चाचणी.
"सतरा, सतरा, नाका बोलतो. कुठी आहेस? ओव्हर."
"खाली. नाल्यात. आयकू येते का?"
इतकं स्वच्छ,
की तिच्या पायाखाली सागाचं पान मोडलं
तेही आलं.

बटण दाबायचं मी विसरलोच.
वीस वर्षं खरखरीतून शब्द वेचणारा कान
त्या मोकळ्या शांततेत चाचपडत राहिला.

"नाका? आयकू येते का, बाप्पा?"

हाव, म्हणालो. हाव, येते.
मग वही ओढली.
वेळ अकरा बावीस. जागा: नाला.
त्या रकान्यात हा शब्द
पहिल्यांदाच लिहीत होतो.