मांड निजला आहे

रायबंदरहून फेरी सुटली तेव्हा
पिशवीत ध्वनिमुद्रक होता, दोन वह्या,
आणि खात्याचं पत्र: धालोगीतं, किमान चाळीस.

चोडणला शेवंतू गावडे कोरगूट पाखडत होती.
पत्र तिनं उलटं धरलं, सुलटं धरलं,
मग सुपाखाली ठेवलं, उडू नये म्हणून.
'मांड न्हिदला,' म्हणाली.
मला वाटलं, घरात कुणी आजारी आहे.
तिनं बोट केलं तिकडे
सारवण उडालेली मोकळी जागा,
एक कोंबडी, तीन पिल्लं.
पुसाच्या चांदण्यात त्याला उठवतात बायका.
वैशाखात हाक घातली
तर कोण ओ देईल, सांगता येत नाही.

मी म्हटलं, दोनच ओळी. मशीन एवढंसं तर आहे.
'मशीन ल्हान. मांड न्हय.'

आणि ती उठली, कारण बांध फुटला होता.
खाडीचं खारं पाणी शेताकडे बघत होतं.
इनास मानशीकार सांगतो, बांध पाखल्यांच्या आधीचा;
शेवंतू सांगते, देवाच्या आधीचा.
कुठल्या देवाच्या,
हे दोघंही एकमेकांसमोर बोलत नाहीत.

चपला काढून मी रांगेत उभी राहिले.
चिखल हातावरून हातावर येत होता,
काळा, थंड, तान्ह्या बाळाएवढा जड.
माझ्या हातून दोनदा निसटला.
खांद्यावरची लुगड्याची गाठ दाताने आवळत
शेवंतूनं विचारलं, 'तुजो बांध खंय?'
सांगलीला, तिसऱ्या मजल्यावर, मी म्हटलं.
चार गोळे पुढे गेले, तोवर ती विचारच करत होती.
'मागीर थंय भरती केन्ना येता?'

उत्तर नव्हतं. अजून नाही.

उन्हं कलली. भरती चढली,
आणि मानशीची लाकडी दारं
कुणी हात न लावता
पाण्याच्याच रेट्यानं मिटली:
एकच ठोका, पोटातून आल्यासारखा.
सगळी रांग थांबली, चिखल हातात तसाच.
इनासनं टोपी काढली. कोंबड्यासुद्धा गप्प.
'आयकलें? हें घाल तुज्या मशिनांत.'

मशीन पिशवीत, पिशवी माडाला टांगलेली,
माड बांधाच्या त्या टोकाला.

फेरीत नखांतला चिखल कोरत बसले.
पत्र सुपाखालीच राहिलं.
धक्क्यावरून तिनं ओरडून सांगितलं होतं
पुसात ये म्हणून,
पण त्याआधी एकदा ये, ज्येष्ठाच्या तोंडाला,
आणि येताना खोरं घेऊन ये.