शेरा

शनिवारी बँड गोळा करायचे.
निपाणीहून अक्कोळपर्यंत स्कूटर,
हातांत मोजे, तोंडाला ओढणी,
ऑक्टोबरचं रान,
आणि मोजायला बावीस मनगटांवरचं ऊन.

एकवीस जणींचं उतरलं मोबाइलवर,
सकाळी बुटकं, बाराला ताडमाड,
तीनच्या पुढं मोडून पडलेलं.
बाविसावी अक्काताई मगदूम:
सोमवार शून्य, मंगळवार शून्य,
बुधवारी चुकून एक ठिपका.

म्हटलं, मावशी, डब्यात ठेवलात ना जपून,
रेशन कार्डाच्या शेजारी?
पहिल्या आठवड्यात पाच जणींनी तसंच केलं होतं.

ती काही बोलली नाही.
तंबाखूचे शेंडे खुडलेला हात पुढं केला.
कोपरापर्यंत काळा चीक,
आणि बँडच्या मसुराएवढ्या डोळ्यावर
त्याचीच खपली, वाळून टणक.
'झोपलंय बघ तुझं यंत्र,' म्हणाली,
'मी न्हाई झोपले.'

मग बांधावर बसून
कच्च्या चिंचेनं तो डोळा चोळत राहिली,
लेकराचं चिपड काढावं तशी.
चोळता चोळता विचारलं, कागदावर काय लिवलंय?
वर कन्नडमध्ये बिसिलु, खाली मराठीत ऊन.
'आमची शेवंता हुक्केरीत दिली,
ती आता बिसलच म्हणती.
लागतं तेवढंच.'

चीक पुसायला बांगड्या वर सरकवल्या तिनं
आणि खालचं कातडं दिसलं.
कोवळ्या कणसासारखं फिकं एक कडं,
दोन बोटं रुंद.
लग्नातली अक्काताई
तेवढीच उरलेली.

बँड पुन्हा बांधला. हिरवा दिवा लागला.
उठता उठता म्हणाली,
'पडतं ते मोजतंय. बरं हाय.
रातच्याला भिंतीला पाठ टेकली की
पाठीतनं निघतं,
ते उतरतंय का ह्येच्यात?'

फॉर्मवर तसा रकाना नव्हता.
शेरा म्हणून एक ओळ होती, तीही अर्धी.
लिहिलं:
बँड पुसून वापरण्यास सांगितले.

स्कूटरचं सीट तापून बसवेना.
ओढणी सोडून त्यावर अंथरली
आणि निपाणीपर्यंत
तशीच आले, उघड्या तोंडानं.