नववा वारा

तुर्कूच्या बंदरामागे कॉफी भाजायचा एक कारखाना होता.
पुड्यात कार्ड निघायचं. संच बाराचाच,
नाव ‘वारे’.
काडेपेटीवर बसेल एवढं चित्र,
पाठीवर क्रमांक, वाऱ्याचं नाव
आणि कारखान्याचा निळा कोंबडा.

चित्रकर्तीचं नाव कुठेच नाही.
फार पुढे कळलं: इंपी साल्मेला, हिशेबखात्यातली कारकून,
जेवणाच्या सुट्टीत रंगवायची.
वारा तिनं एकदाही काढला नाही.
काढली दोरीवर फुगलेली कुणा म्हाताऱ्याची विजार,
धुरांड्याशी मान मोडलेला धूर,
पाद्र्याची टोपी, आणि तिच्यामागे पाद्री;
पाच नंबरात गोठलेल्या खाडीवरून
एकटीच घसरत निघालेली खुर्ची.
हिरवी शाई महाग पडे, म्हणून अख्ख्या संचात
हिरवं असं एकच: अकरा नंबरातल्या पोरीची रिबीन.

नऊ नंबर ‘त्यूनी’. म्हणजे वारा पडलेला.
धक्का, पाणी, एक होडी.
पाण्यातली होडी वरच्या होडीइतकीच खरी.
बास.

आम्हा पोरांना तो नको असायचा.
शाळेमागच्या भिंतीशी सौदे चालत,
एका टोपीला दोन धूर, खुर्चीला वर एक गोटी;
नवाला कुणी हुंगत नसे.
तौनो म्हणायचा, हा वारा नव्हे, ही लबाडी.
सायकलच्या आऱ्यांत अडकवून
उतारावर फडफडवायचा त्याला,
आणि न वाहणारा तो वारा काय बडबडायचा!
कुणी शेगडीत घातला, कुणी त्यानं बुटाचा चिखल खरवडला.
आमच्या आईनं चार घड्या घालून
स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या लंगड्या पायाखाली दिला.

आता बाजारभाव ऐका.
अकरा वारे कुठेही मिळतात, बशीभर चिल्लरीत.
सगळ्यांनी जपलेत ना.
नऊ नंबरासाठी माणसं ताम्पेरेहून रात्रीच्या गाडीनं येतात.
ओन्नी कार्प्पानेन कार्डाला बोट लावत नाही,
चिमट्यानं उचलतो, भिंगाखाली धरतो.
कोपरा बोथट: एक गुण गेला.
कडेला पांढरं: अर्धा.
पाठीवर पेन्सिलीनं पोराचं नाव: दोन.
नावाचे गुण कापतात का, मी एकदा विचारलं.
त्यानं भिंग पुसलं.

आई गेली त्या शिशिरात घर आवरायला गेलो.
टेबल उचललं, तर फळीवर तो चौकोन.
उलगडला. वरची होडी घडीवर फाटलेली,
खालची धड.
पाण्यावर टेबलाच्या पायाचा वाटोळा वळ,
पन्नासएक वर्षं एकाच जागी उभ्या माणसाचा असावा तसा.
ओन्नीला फोन लावला.
बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग,
‘घडी म्हणजे शून्य गुण.’ पुन्हा श्वास.
‘तरी पाठव.’

पाठवला नाही.
अल्बममध्ये आठ आणि दहाच्या मधला खिसा
इतकी वर्षं रिकामा होता, तिथं सरकवला.
अलीकडे विजार फुगलेली, पलीकडे टोपी पळतेय,
मध्ये हा.

टेबल मी माझ्या घरी आणलं.
डावा हात त्याच्या कडेवर दाबून धरायचा
आणि उजव्यानं कॉफी प्यायची, असं जमवलंय.
पान उलटायचं झालं
की कप आधी खिडकीत ठेवतो.